रंग जुळला की अर्धंच काम झालं: रेझिन प्रिंटिंगसाठी सेंद्रिय फोटोसेन्सिटायझर संगणकावर कसा घडवायचा

रेझिन प्रिंटर ही नाशिकमध्ये आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. सराफांसाठी अंगठ्या-पेंडंटचे मास्टर पीस असोत, दंतवैद्यांसाठी जबड्याचे नमुने असोत की अंबड-सातपूरच्या कारखान्यांसाठी छोटी फिक्स्चर, टेबलावरचं यंत्र साधारण एकाच जातीचं असतं. खाली ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश, त्यावर एलसीडी पडदा, त्यावर रेझिनची व्हॅट, म्हणजे उथळ टाकी. बाटलीतलं रेझिन या प्रकाशात घट्ट होतं ते त्यातल्या थोड्याशा फोटोइनिशिएटरमुळे (प्रकाश पडला की अभिक्रिया सुरू करणारं रसायन), आणि बहुतेक वेळा तो टीपीओ किंवा त्याचा भाऊबंद बीएपीओ असतो. हे रेणू प्रकाश पडला की स्वतःच तुटतात आणि त्या तुकड्यांपासून रेझिन घट्ट करणारी साखळी-अभिक्रिया सुरू होते.

मग नवं काही शोधायचं कशाला? एक तर टीपीओवर बंधनं येऊ लागली आहेत. २०२३ साली तो युरोपात अतिचिंताजनक रसायनांच्या यादीत गेला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे नेल जेलसारख्या सौंदर्यप्रसाधनांत त्याचा वापर बंद झाला. दुसरं असं की ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश रंगीत किंवा सिरॅमिक भरलेल्या रेझिनमध्ये फार आत जात नाही, आणि जिवंत पेशी मिसळलेल्या जेलला तो मानवत नाही. निळा, हिरवा, लाल प्रकाश वापरायचा तर तो शोषणारा वेगळा रेणू हवा. स्वतः न तुटता शेजारच्या रेणूला कामाला लावणारा हा रेणू म्हणजे फोटोसेन्सिटायझर.

इथल्या कॉलेजांत एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि चांगला डेस्कटॉप बाळगून असलेले हौशी लोक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. क्वांटम केमिस्ट्रीची तोंडओळख आहे असं धरतो. अशा प्रकल्पांत नेहमी दिसणारी गोष्ट आधीच सांगतो. सगळा वेळ शोषणाची तरंगलांबी काढण्यात जातो, ती ४५० नॅनोमीटरला बसली की आनंदीआनंद, आणि रेझिनमध्ये टाकल्यावर रेणू नुसता चमकतो, घट्ट काहीच होत नाही. असं का होतं हे समजलं की गणनांचा क्रम आपोआप सुचतो.

व्हॅटमध्ये काय घडतं

रेणूने फोटॉन शोषला की तो सिंग्लेट (इलेक्ट्रॉनांचे स्पिन विरुद्ध दिशांना) उत्तेजित अवस्थेत जातो. तिथून तीन वाटा: चमकून खाली येणं, उष्णता देऊन खाली येणं, किंवा स्पिन बदलून ट्रिप्लेट अवस्थेत (दोन स्पिन एकाच दिशेला) उतरणं. सिंग्लेटचं आयुष्य काही नॅनोसेकंद, ट्रिप्लेटचं मायक्रोसेकंदांत किंवा त्याहून जास्त. आपल्याला हवं आहे ते एवढंच, की उत्तेजित असतानाच त्याला इलेक्ट्रॉन घेणारं आयोडोनियम मीठ किंवा इलेक्ट्रॉन देणारा अमाइनचा रेणू भेटावा, इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण व्हावी आणि त्यातून रॅडिकल, म्हणजे साखळी सुरू करणारा तुकडा, निघावं.

ही भेट किती वेळात होते ते कागदावर काढता येतं. द्रवात रेणू एकमेकांना भेटण्याचा कमाल वेग ८आरटी भागिले (३ गुणिले चिकटपणा) या सूत्राने मिळतो; आर म्हणजे वायुस्थिरांक, टी म्हणजे तापमान. पाण्यासारख्या पातळ द्रवात तो साधारण ७ गुणिले १०^९ प्रति मोलर प्रति सेकंद येतो. रेझिनचा चिकटपणा ३०० सेंटीपॉइज धरला तर तोच आकडा सुमारे २ गुणिले १०^७ वर घसरतो. आयोडोनियम ०.०३ मोलर असेल तर भेटीला दीड मायक्रोसेकंद लागतो. पाच नॅनोसेकंद जगणाऱ्या सिंग्लेटला एवढी सवड कुठली? हजारातले तीन-चार जेमतेम पोचतील. ट्रिप्लेटला मात्र पुरेसा वेळ असतो. अॅसिटोनायट्राइलमध्ये झकास चालणारा रंग रेझिनमध्ये ढेपाळतो तो बऱ्याचदा यामुळे. जानेवारीत निफाडकडे पारा खाली गेला की रेझिन मधासारखं दाट होतं, तेव्हा तर हा हिशेब आणखी बिघडतो.

याला एक अपवाद आहे. रंग आणि आयोडोनियम आधीपासूनच एकमेकांना चिकटून, आयन-जोडीच्या रूपात असतील तर भेटीचा प्रश्न येत नाही आणि सिंग्लेटही काम करू शकतो. ऋणभारित रंगांत हे घडतं. भार नसलेल्या रेणूवर काम करत असाल तर ट्रिप्लेटच धरून चला.

आधी मागणीपत्रक लिहा

संगणक सुरू करण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात: प्रकाश कोणता, थराची जाडी किती, सोबतचे रेणू कोणते, आणि तयार वस्तूचं पुढे काय होणार.

प्रकाशाचं गणित सोपं आहे. १२४० ला नॅनोमीटरने भागलं की इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. ४०५ म्हणजे ३.०६, ४५० म्हणजे २.७६, ५२५ म्हणजे २.३६, ६३० म्हणजे १.९७. एलईडीच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. जवळच्या कॉलेजात स्पेक्ट्रोमीटर असेल तर त्यावर त्याचा खरा पट्टा बघून घ्या. दहा नॅनोमीटरचा फरक अरुंद शोषणपट्टीच्या रेणूला चांगलाच जाणवतो.

आता थराची जाडी. प्रकाश रेझिनमध्ये किती खोल पोचतो ते एक भागिले (२.३ गुणिले मोलर शोषणांक गुणिले सांद्रता), असं मिळतं. ५० मायक्रॉनच्या थरासाठी खोली १०० मायक्रॉनच्या आसपास हवी असं समजा. म्हणजे शोषणांक गुणिले सांद्रता सुमारे ४३ प्रति सेंटीमीटर. शोषणांक ३०,००० असेल तर दीड मिलिमोलर पुरेल, म्हणजे ३५० रेणुभाराच्या रंगाचे वजनाने जेमतेम ०.०५ टक्के. शोषणांक ३०० असेल तर तोच रंग साडेचार टक्क्यांहून जास्त घालावा लागेल. तो विरघळणार नाही, आणि विरघळलाच तर वस्तूतून पाझरत राहील. त्यामुळे तरंगलांबीइतकंच लक्ष ऑसिलेटर स्ट्रेंथवर, म्हणजे गणनेत शोषणाचा जोर दाखवणाऱ्या आकड्यावर, ठेवा. ती ०.१ च्या खाली असलेले रेणू मी सहसा पुढे नेत नाही.

वस्तूचं पुढे काय होणार, हा प्रश्न विद्यार्थी विसरतातच. दंतकामात वस्तू पिवळी राहिलेली चालत नाही, म्हणून काम झाल्यावर रंग उडून जायला हवा. दागिन्याचा मास्टर पीस भट्टीत जळूनच जाणार, त्याचा रंग जांभळा असो की हिरवा, कोणाला पर्वा? पण तिथे रेणूवर ब्रोमिन-आयोडिन लादलं असेल तर जळताना आम्लधर्मी वाफा निघतील.

सांगाडा एकच निवडा

थायोझँथोन, किटोकूमरीन, नॅफ्थालिमाइड, फिनोथायझीन, झँथीन (इओसिन त्यातलाच), बोडिपी, कार्बाझोल-बेंझोनायट्राइल अशी बरीच घराणी आहेत. सगळ्यांतून थोडं थोडं घेऊन शंभर रेणू तपासण्यात मजा येते, पण हाती काही लागत नाही. एक सांगाडा घ्या, त्यावर दोन किंवा तीन जागा ठरवा आणि तिथेच गट बदलत राहा. मग कोणत्या बदलाने काय झालं ते वाचता येतं.

मला नवशिक्यांसाठी किटोकूमरीन आवडतं. डायइथिलअमिनो-सॅलिसिल्डिहाइड आणि बीटा-किटोएस्टर, पिपरिडीनचे थेंब, आणि अल्कोहोलमध्ये रिफ्लक्स. कॉलेजच्या प्रयोगशाळेत होण्यासारखी ही अभिक्रिया आहे. सातव्या स्थानावरचा अमाइन इलेक्ट्रॉन देतो, तिसऱ्या स्थानावरचं कार्बोनिल ओढून घेतं, आणि शोषण निळ्या-जांभळ्या भागात सरकतं. शिवाय कार्बोनिलमुळे ट्रिप्लेटकडे जायची वाटही मिळते. दोन कूमरीन एकाच कार्बोनिलला जोडलेले रेणू तर ४५० नॅनोमीटरच्या आसपास जोरदार शोषतात.

गट बदलून यादी करायला आरडीकिट हे मोफत साधन आहे. स्माइल्स (रेणूची रचना अक्षरांत मांडणारी ओळ) लिहायची, जागा खुणावायच्या, पायथनच्या दहा-पंधरा ओळींत दोनशे रेणू तयार. ही यादी संगणकाला देण्याआधी सेंद्रिय रसायनशास्त्र हाताने करणाऱ्या माणसाला दाखवा. "हे सात पायऱ्यांचं आहे, हे हवेत टिकणार नाही, हे उद्या करून देतो" असं तो पाच मिनिटांत सांगेल आणि यादी निम्म्यावर येईल. इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी चाळणी दुसरी नाही.

रचना: घाई करायची ती इथेच

लांब अल्किल साखळ्या गणनेत इथिल किंवा मिथिल करून टाका. शोषणावर फरक नगण्य, वेळ मात्र खूप वाचतो. संरूपणांसाठी, म्हणजे एकच रेणू वळून-मुरडून घेऊ शकतो त्या ठेवणींसाठी, क्रेस्ट आणि एक्सटीबी ही दोन्ही मोफत आहेत, आणि २०१९ साली आलेली जीएफएन२ पद्धत साध्या डेस्कटॉपवर काही मिनिटांत उत्तर देते. पहिली दोन-तीन संरूपणं उचला, पीबीई० किंवा बी३एलवायपी या डीएफटीच्या फंक्शनलमध्ये डिस्पर्शनची दुरुस्ती लावून डेफ२-एसव्हीपी बेसिसवर ऑप्टिमाइझ करा, फ्रीक्वेन्सी काढा, ऋण फ्रीक्वेन्सी नाही ना ते बघा. झालं. इथे मोठा बेसिस लावून दिवस घालवू नका.

सॉल्व्हेंट मॉडेलबद्दल एक युक्ती. अॅक्रिलेट रेझिन हे कुठल्याच प्रोग्रॅमच्या यादीत सापडत नाही. मिथिल मेथाक्रिलेटचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ६.३, इथिल अॅसिटेटचा ६.०. शिवाय तेही एस्टरच. म्हणून इथिल अॅसिटेट निवडा. प्रयोगशाळेतलं शोषणही त्याच द्रावकात मोजा, म्हणजे तुलना सरळ होते.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर शैक्षणिक वापरासाठी ऑर्का मोफत आहे आणि पुढे लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्यात आहेत. गॉसियन परवाना असेल तरच. पायएससीएफ आणि साय४ मुक्त आहेत. आठ-सोळा कोअर, ६४ जीबी मेमरी आणि वेगवान एसएसडी असली की पन्नासेक अणूंच्या रेणूंचं काम घरी भागतं. यूपीएस मात्र हवाच. वीज गेली की रात्रभर चाललेली फ्रीक्वेन्सी सकाळी पहिल्यापासून सुरू करावी लागते, आणि पावसाळ्याच्या तोंडाला हे हमखास होतं.

शोषण: आकड्यावर लगेच विश्वास नको

टीडी-डीएफटी (उत्तेजित अवस्थांची ऊर्जा काढणारी डीएफटीची पद्धत) हे इथलं रोजचं हत्यार, पण त्याचे हट्ट माहीत हवेत. बी३एलवायपी देणारा-घेणारा प्रकारच्या रेणूंत, जिथे इलेक्ट्रॉन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, ऊर्जा बरीच कमी दाखवतं. कॅम-बी३एलवायपी किंवा ओमेगा-बी९७एक्स-डी तिथे प्रमाणात वागतात, पण साधारण सगळंच थोडं वर उचलतात. बोडिपी आणि सायनिन घराण्यात तर जवळजवळ सगळेच फंक्शनल ऊर्जा जास्त सांगतात. ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक कागदावर किरकोळ वाटते. पण २.७६ मध्ये तेवढे मिळवले की ३.०६ होतात. म्हणजे खरा ४५०चा रेणू पडद्यावर ४०५चा दिसतो, आणि तुम्ही चुकीचा एलईडी विकत आणता.

यावर उपाय मोठी पद्धत नव्हे, तर कॅलिब्रेशन. निवडलेल्या घराण्यातले सहा ते आठ ज्ञात रेणू घ्या. त्यांचं मोजलेलं शोषण शोधा, किंवा जमलं तर स्वतः इथिल अॅसिटेटमध्ये मोजा. त्यांच्यावर नेमक्या त्याच फंक्शनल-बेसिस-सॉल्व्हेंटने गणना करा. गणलेली ऊर्जा एका अक्षावर, मोजलेली दुसऱ्या अक्षावर, आणि मधून सरळ रेघ. रेघ नीट बसली तर नव्या रेणूंचे आकडे तिच्यातून दुरुस्त करून घ्या. बिंदू सैरभैर असतील तर फंक्शनल बदला. या रेघेवाचून कोणी "माझा रेणू ४५२ नॅनोमीटरला शोषतो" असं सांगितलं तर त्यातला शेवटचा आकडा सोडाच, मधलाही गंभीरपणे घेऊ नका.

गणना करताना पहिल्या एकाच अवस्थेवर न थांबता निदान सहा सिंग्लेट आणि सहा ट्रिप्लेट मागा. कारण पुढच्याच पायरीत लागेल. आणि नॅचरल ट्रान्झिशन ऑर्बिटल्सची चित्रं काढून डोळ्यांनी बघा: इलेक्ट्रॉन कुठून निघतो, कुठे जातो, कार्बोनिलच्या एकाकी जोडीतून निघतो की रिंगच्या पाय-प्रणालीतून. ही चित्रं बघायचा कंटाळा केला की पुढचं सगळं आंधळेपणाने होतं.

ट्रिप्लेट: खरी परीक्षा

सिंग्लेटमधून ट्रिप्लेटमध्ये जाण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: ऊर्जेतली दरी आणि स्पिन-ऑर्बिट कपलिंग (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षेतली गती यांचा दुवा). दरी लहान हवी, कपलिंग मोठं हवं. एकाची कमी दुसरं थोडंफार भरून काढतं.

दरी काढताना नेहमीच्या टीडी-डीएफटीऐवजी टॅम-डँकॉफ पद्धत वापरा. पूर्ण टीडी-डीएफटी ट्रिप्लेटची ऊर्जा कधीकधी फारच खाली दाखवते. सगळ्यात खालच्या ट्रिप्लेटची ऊर्जा तपासायचा दुसरा मार्गही आहे: रेणूला थेट ट्रिप्लेट मल्टिप्लिसिटी देऊन अनरिस्ट्रिक्टेड डीएफटीमध्ये ऑप्टिमाइझ करा आणि मूळ अवस्थेच्या ऊर्जेशी वजाबाकी करा. एस-वर्गाची किंमत २.० च्या जवळ आहे ना ते बघा. दोन्ही मार्गांची उत्तरं जवळपास आली तर निर्धास्त. खूप वेगळी आली तर थांबून विचार करा. हा आकडा पुढे रेडॉक्सच्या हिशेबात लागतो, म्हणून इथे थोडा जास्त वेळ गेला तरी चालेल.

कपलिंगसाठी एल-सायेदचा १९६३ चा नियम आजही कामाचा आहे. ऑर्बिटलचा प्रकार बदलत असेल, म्हणजे पाय-पायस्टारमधून (इलेक्ट्रॉन रिंगच्या पाय-प्रणालीतून निघतो) एन-पायस्टारमध्ये (तो एकाकी जोडीतून निघतो) किंवा उलट जायचं असेल, तर स्पिन सहज बदलतो. अँथ्रासीनसारख्या सपाट हायड्रोकार्बनमध्ये पाय-पायस्टारमधून पाय-पायस्टारमध्येच जायचं असतं. तिथे कपलिंग एक प्रति सेंटीमीटरच्याही खाली राहतं. कार्बोनिलच्या एन-पायस्टारशी संबंध आला की तेच काही दहांपर्यंत चढतं. म्हणून सहा ट्रिप्लेट मागायचे. पहिल्या सिंग्लेटच्या किंचित खाली दुसरा किंवा तिसरा ट्रिप्लेट वेगळ्या प्रकारचा असेल तर खरी वाट तिथूनच जाते, सगळ्यात खालच्या ट्रिप्लेटकडे थेट उडी कमीच असते. बेंझोफिनोन जवळजवळ शंभर टक्के ट्रिप्लेट देतो तो याच कारणामुळे.

कार्बोनिल नसेल तर? ब्रोमिन किंवा आयोडिन लावणं हा जुना, खात्रीचा मार्ग. बोडिपीच्या २ आणि ६ स्थानांवर आयोडिन आलं की त्याची चमक जाते आणि ट्रिप्लेट येतो. जड अणूंसाठी गणनेत झोरासारखी सापेक्षतावादी दुरुस्ती आणि तिला साजेसा बेसिस लावा, नाहीतर आकडे निरर्थक येतात. दुसरा मार्ग जास्त देखणा: देणारा आणि घेणारा भाग एकमेकांना काटकोनात ठेवायचे. इलेक्ट्रॉन एका पातळीतून काटकोनातल्या दुसऱ्या पातळीत परतताना स्पिन बदलायची मुभा मिळते, जड अणू लागत नाही. तिसरा मार्ग ओलेड, म्हणजे सेंद्रिय एलईडी, दिव्यांच्या संशोधनातून आला. २०१२ साली अदाचींच्या गटाने ४सीझेडआयपीएनसारखे दरी अतिशय लहान असलेले रेणू दाखवले, आणि पुढे तेच रेणू प्रकाश-उत्प्रेरक म्हणून रुळले.

ऑर्कामध्ये टीडी-डीएफटीच्याच इनपुटमध्ये स्पिन-ऑर्बिटचा पर्याय सुरू केला की सगळ्या जोड्यांचे आकडे मिळतात. मूळ अवस्थेच्या सपाट रचनेवर काढलेलं कपलिंग सममितीमुळे खोटं शून्य दाखवू शकतं, म्हणून ते उत्तेजित सिंग्लेटच्या रचनेवर काढा. ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आत दरी आणि एक प्रति सेंटीमीटरहून जास्त कपलिंग असलेले रेणू मी पुढे नेतो. हा माझा अंदाजाचा उंबरठा आहे, नियम नव्हे. शेवटच्या चार-पाच रेणूंसाठी मार्कसच्या सूत्राने प्रत्यक्ष वेग काढा आणि चमकण्याच्या वेगाशी ताडून बघा.

रेडॉक्स: इलेक्ट्रॉन जाईल का

इथे रेम आणि वेलर यांचं १९७० चं समीकरण वापरायचं. मुक्त ऊर्जा = देणाऱ्याचं ऑक्सिडेशन विभव वजा घेणाऱ्याचं रिडक्शन विभव वजा उत्तेजित अवस्थेची ऊर्जा. उत्तर ऋण आलं तर इलेक्ट्रॉन जाऊ शकतो.

इओसिन-वाय घेऊन करून बघू. त्याचं ऑक्सिडेशन विभव सुमारे ०.७८ व्होल्ट, ट्रिप्लेट ऊर्जा १.८९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, संदर्भ कॅलोमेल इलेक्ट्रोड. आयोडोनियमचं रिडक्शन विभव उणे ०.७ धरलं तर ०.७८ अधिक ०.७ वजा १.८९, म्हणजे उणे ०.४१. उणे ०.२ धरलं तर उणे ०.९१. आयोडोनियमसाठी साहित्यात हे दोन्ही आकडे वापरलेले दिसतात. म्हणून हिशेब नेहमी कठोर आकड्याने, म्हणजे उणे ०.७ ने करा. त्यात तरला तर रेणू खरंच तरला. बऱ्याच लेखांत सिंग्लेटची ऊर्जा घालून छान मोठं ऋण उत्तर काढलेलं असतं. वर बघितलंच की सिंग्लेटला भेटीची फुरसत नसते. तुम्ही ट्रिप्लेटची ऊर्जाच घाला.

नव्या रेणूचं ऑक्सिडेशन विभव काढायला तटस्थ रेणू आणि त्याचा धन-रॅडिकल, दोन्ही ऑप्टिमाइझ करून मुक्त ऊर्जांतला फरक घ्या. त्यातून हायड्रोजन इलेक्ट्रोडचे ४.२८ वजा करा आणि कॅलोमेलवर यायला आणखी ०.२४. छापलेली विभवं बहुतेक अॅसिटोनायट्राइलमधली असतात, म्हणून फक्त या पायरीत सॉल्व्हेंट तेच ठेवा. इथेही पाच-सहा ज्ञात रेणूंवर कॅलिब्रेशनची रेघ ओढा, कारण कच्च्या गणनेत ०.२ व्होल्टची चूक सहज असते. उत्तर उणे ०.१ आणि शून्याच्या मध्ये आलं तर ते "माहीत नाही" समजा.

एवढ्यावर थांबू नका. इलेक्ट्रॉन दिल्यावर रंग धन-रॅडिकल होऊन बसतो. त्याला परत मूळ रूपात आणायला अमाइन किंवा बोरेटसारखं इलेक्ट्रॉन देणारं काही हवं, म्हणजे एकच रेणू पुन्हा पुन्हा कामाला येतो. म्हणून अमाइनचं ऑक्सिडेशन विभव रंगापेक्षा कमी असायला हवं. उलट क्रमही शक्य आहे: उत्तेजित रंग आधी अमाइनकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि मग आयोडोनियमला देतो. दोन्ही वाटांचे हिशेब करा. एक बंद असली तरी दुसरी खुली असू शकते.

ऑक्सिजनचा काटा राहतोच. त्याला ट्रिप्लेटकडून फक्त ०.९८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, त्यामुळे दृश्य प्रकाशातला जवळजवळ कुठलाही ट्रिप्लेट तो खाऊ शकतो. संगणकावर यातून सुटका नाही. ती रेझिनच्या मिश्रणात करावी लागते.

बाटलीत टाकताना

संगणकाने निवडलेले रेणू दोन-तीनच करायला घ्या. आधी विद्राव्यता. इथिल अॅसिटेटमध्ये आणि मग मोनोमरमध्ये लागेल त्याच्या दुप्पट सांद्रता विरघळते का? सपाट, सममित रेणू पटकन दगा देतात. गणनेत कापून टाकलेल्या अल्किल साखळ्या इथे परत लावायच्या असतात.

निळ्या-हिरव्या प्रकाशाला जागणारं रेझिन खोलीच्या ट्यूबलाइटमध्येही घट्ट होतं. एप्रिलमधल्या नाशिकच्या खिडकीशेजारी तर विचारूच नका. लाल एलईडीखाली काम करा, बाटलीला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, हातात नायट्राइलचे मोजे. अॅक्रिलेटची अॅलर्जी एकदा जडली की सुटत नाही.

थेट प्रिंटर लावण्याआधी काचपट्टीवर वर्किंग कर्व्ह, म्हणजे प्रकाशाची ऊर्जा आणि घट्ट थराची जाडी यांचा आलेख, काढा. व्हॅटऐवजी पातळ काचेवर रेझिनचा थेंब, खालून ठरावीक तीव्रतेचा प्रकाश, वेळ ५, १०, २०, ४०, ८० सेकंद. न घट्ट झालेलं रेझिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच धुवा, टिशूने टिपा आणि राहिलेल्या चकतीची जाडी मायक्रोमीटर स्क्रूगेजने मोजा. चकती मऊ असते. स्क्रूगेज आवळलं की दबते आणि आकडा कमी येतो, म्हणून रॅचेट एकदाच वाजू द्या. जाडी उभ्या अक्षावर, ऊर्जेचा नैसर्गिक लॉगरिदम आडव्या अक्षावर. सरळ रेघेचा उतार म्हणजे प्रकाशाची खोली, आणि रेघ आडवा अक्ष जिथे छेदते तिथली ऊर्जा ही घट्ट व्हायला लागणारी किमान ऊर्जा. सोबत तीन कोऱ्या चाचण्या हव्यातच: रंगाशिवाय, आयोडोनियमशिवाय, आणि अंधारात ठेवलेली.

आता हे दोन आकडे गणनेशी ताडा. खोली अंदाजाशी जुळत नसेल तर दोष बहुधा विद्राव्यतेत, रेणू एकमेकांना चिकटण्यात किंवा एलईडीच्या पट्ट्यात असतो. ट्रिप्लेटला बोल लावू नका. खोली जुळली पण किमान ऊर्जा फार जास्त आली तर ट्रिप्लेट आणि रेडॉक्सच्या पायऱ्या पुन्हा बघा. त्यासाठी सोपी तपासणी: इथिल अॅसिटेटमधल्या पातळ द्रावणावर निळा टॉर्च मारा. रंग लखलखीत चमकत असेल तर सिंग्लेट ट्रिप्लेटकडे वळतच नाही, दरी-कपलिंगचे आकडे चुकले. चमकत नसेल आणि तरीही रेझिन घट्ट होत नसेल तर सिंग्लेट उष्णता देऊन विझतो आहे, हिशेब रेडॉक्समध्ये अडला आहे, किंवा ऑक्सिजन आडवा येतो आहे. ते ओळखायला एक थेंब उघडा ठेवा, दुसऱ्यावर कव्हरस्लिप ठेवा, आणि दोघांना सारखाच प्रकाश द्या. झाकलेला घट्ट झाला आणि उघडा पातळच राहिला तर रेणू ठीक आहे. आधी बोरेट किंवा अमाइन वाढवून बघा, सांगाड्याला हात नंतर लावा.